लोणी येईपर्यंत

"बाबा, क्रीम फुलून उभं राहिलं की घुसळणं बंद करा हं," रात्रपाळीहून आलेली शर्वरी म्हणाली आणि आंघोळीला गेली. चार वाजता तिच्या जर्मन सासूबाई पहिल्यांदाच घरी येणार होत्या आणि केकवर लावायला तेवढंच क्रीम होतं.

जर्मनीत लेकीकडे येऊन महिना झाला, त्यात दिनकररावांवर सोपवलेलं हे पहिलंच काम. क्रीम उभं राहिलं. पण साय घुसळायला घेतली की लोणी येईपर्यंत थांबायचं नाही, हे त्यांच्या हातांना आयुष्यभर ठाऊक. पाणी सुटून गोळा तरंगला, तेव्हा त्यांना हायसं वाटलं.

"बाबा, लोणी केलंत तुम्ही!" शर्वरी मटकन खुर्चीत बसली. "रविवारी इथं एक दुकान उघडं नसतं."

आपण म्हणजे हिच्या डोक्याला तापच, असं मनाशी म्हणत त्यांनी लोणी कढवायला ठेवलं. घरभर तुपाचा वास सुटला.

बेल वाजली तेव्हा शर्वरी पातेल्याच्या तळाची बेरी साखर घालून खरवडत होती. ते लगबगीनं दाराकडे निघाले.

"उघडू नका एवढ्यात," ती भरल्या तोंडानं म्हणाली, "आधी एवढं संपू दे."