रविवारचं चिकन

रविवारचं चिकन करायचे ते यशवंतरावच. त्या दिवशी कुमुदताई फक्त भाकऱ्या थापायच्या. पण दिवाळीआधी यशवंतरावांना लकवा झाला; उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. तेव्हापासून घरात चिकन शिजलंच नव्हतं.

आज कुमुदताईंनी नवऱ्याला स्वयंपाकघरातच खुर्चीवर बसवलं आणि पहिल्यांदा स्वतः पातेलं चढवलं. कांदा परतला, मसाला घातला, चिकन शिजवलं. "आता दही आणि काजूची पेस्ट, हो ना?" त्यांनी विचारलं. यशवंतराव नुसते बघत राहिले. रस्सा रटरटत होता. कुमुदताईंनी दह्याचं भांडं तसंच त्यावर कलतं केलं.

"गॅस!"

आवाज घोगरा होता, पण शब्द स्पष्ट होता. कुमुदताईंनी दचकून मागे पाहिलं. यशवंतरावांनी डावा हात शेगडीकडे ताणला होता, आणि आपण बोललो याचं त्यांनाच नवल वाटत होतं.

कुमुदताईंनी गॅस बंद केला. रस्सा जरा निवल्यावर दही आणि काजू घातले. दही फाटलं नाही. रस्सा सायीसारखा दाट झाला.

"अहो, अजून बोला ना काहीतरी."

यशवंतरावांचे ओठ हलले, शब्द फुटेना. डोळे भरून आले.

मग कुमुदताईंनी साखरेचा डबा काढला, मोठा चमचा भरला आणि त्यांच्याकडे बघत पातेल्यावर धरला.

"वेडी!" यशवंतराव ओरडले.

कुमुदताईंनी पदराने डोळे पुसले आणि तिखटाच्या डब्याकडे हात नेला.