शुक्रवारचं दळण

सुनीती गेल्याचं अनंतरावांना मोरीत कळलं. दवाखान्यातून ते आंघोळीपुरते घरी आले होते. अंगावर बादलीभर घेतलं तर पाणी उतरेना. घोट्यापर्यंत साचलं. तेवढ्यात खिडकीत ठेवलेला फोन वाजला. यवतमाळहून अनिकेत बोलत होता. "बाबा, आई गेली." अनंतराव ओल्या अंगानं त्या गढूळ पाण्यात उभे राहिले. पाणी खाली जात नाही, एवढंच त्यांना बराच वेळ दिसत होतं.

बाभुळगावच्या त्या गल्लीत त्यांचं घर आणि जलाल मिस्त्रीचं घर शेजारी शेजारी. मधे बोळ. बोळीत दोन्ही घरांच्या सांडपाण्याचं मिळून एकच चेंबर. ते कोणी साफ करायचं, यावरून दोघांची बोलचाल बंद झाली, त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती. जलाल ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. "तुह्या हाताचं ग्रीस जाऊन बसते त्याच्यात," अनंतराव म्हणाले होते. "अन तुमची चहापत्ती काय गुलाबपाणी आहे, बाबूजी?" जलालनं विचारलं होतं. तेवढ्यावर संपलं.

चेंबर मात्र कधी तुंबलं नाही. "जलालभाईनं काढलं साफ करून," सुनीती सांगायची. "बोलत नाहीत, पण करतात."

"करंलच. चूक त्याचीच होती," अनंतराव म्हणायचे आणि मिशीत हसायचे.

सुनीतीचं एकच त्यांना कळत नसे. ते निवृत्त झाल्यापासून ती दर शुक्रवारी दुपारी दळणाचा डबा हातात देऊन त्यांना चक्कीवर पाठवायची. डबा नेहमी अर्धाच. "एकदाच भरून काहून देत नाही वं?" ते कुरकुरायचे.

"ताजं पीठ बरं असते. अन यायची घाई करू नका. बसा तिथं, गप्पा मारा."

सुनीतीला नेलं तेव्हा जलाल मसणवट्यापर्यंत मागं मागं चालत आला. अनंतरावांनी त्याला पाहिलं. तोंड फिरवलं.

तेरवी उद्यावर आली आणि मोरीतलं पाणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागलं. सकाळी घर पाहुण्यांनी भरणार होतं. सुनीतीचं शेवटचं कार्य, आणि घरात पाय ठेवला की घाण वास. अनिकेत म्हणाला, "बाबा, माणूस बोलावतो."

"कायले? ज्याचं काम आहे तो करंल." अनंतराव तसेच बोळीत गेले. "जलाल! माह्या घरातलं माणूस गेलं. या वेळी तरी नाली काढायची होती!"

जलाल चिंधीला हात पुसत बाहेर आला. "मी?" त्याचा चेहरा कोरा होता. "नाली तर तुम्ही काढता, बाबूजी. शमसुन्निसा सांगते मले दर वेळी. बोलत नाहीत पण काढतात, म्हणते. आमच्याकडंई पाणी भरलं. मी म्हटलं, त्याईच्या घरात दुःख आहे, आता कसं म्हणावं."

दोघांनी एकदम जलालच्या दाराकडं पाहिलं. त्याची बायको शमसुन्निसा उंबऱ्यात उभी होती. तिनं ओढणी डोक्यावर घेतली.

"मी अन भाभी काढत होतो," ती म्हणाली.

"कवा?" जलालनं विचारलं.

"शुक्रवारी. तुम्ही नमाजले जात, अनंतभाऊ चक्कीवर. भाभी मोरीतून कमची ढकले, मी इथं बसून ओढो. झालं का मंग हात धुवून चहा घेवो." तिनं चेंबरकडं हात केला. "भाभी दवाखान्यात गेली अन मी एकटीनं करून पाहिलं. होत नाही. तिकडून कोणी ढकललंच नाही तर ओढू काय?"

"मंग आमचं नाव कायले सांगितलं?" जलाल चिडून म्हणाला.

"तुमची भांडणं मिटली असती काय खरं सांगून? आमचंई बोलणं बंद केलं असतं तुम्ही दोघांनी."

जलाल खाली बघू लागला. अनंतराव घरात गेले. मोरीच्या वरच्या कोनाड्यात बांबूची एक लांब कमची पडून असायची. ती कोळ्यांची जाळी काढायची आहे, असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. तिचं एक टोक वापरून वापरून गुळगुळीत झालं होतं. ते पाण्यात गुडघ्यावर बसले आणि कमची मोरीच्या तोंडात घातली. कमची थोडी गेली आणि अडली. त्यांनी जोर लावला.

"आली!" बोळीतून जलाल ओरडला. "ढकला, अनंतभाऊ! अजून! काहून थांबले?"

पलीकडून कमचीला ओढ लागली. ती ओढ हातात आली तसा अनंतरावांचा बांध फुटला. ते रडत रडत ढकलत राहिले. शमसुन्निसानं चेंबरात गरम पाण्याची बादली ओतल्याचा आवाज आला. मोरीनं एक मोठा घोट घेतला आणि पाणी फिरत फिरत खाली गेलं. फरशी दिसली.

तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गावी गेले. जलालनं बोळीतून हाक मारून विचारलं, "आता पुन्हा कवा काढायची, भाऊ?"

"शुक्रवारी," अनंतराव म्हणाले. "तुही नमाज झाली का ये."

दाराआड दळणाचा डबा आहे. सुनीतीला दवाखान्यात नेलं तो शुक्रवार होता. त्या सकाळी तिनं तो भरून ठेवला होता, अर्धाच. ते दळण अजून राहिलं आहे.