खालची मूठ

लढाई संपल्यावर यंत्रं विकत फिरणारा एजंट पुसेगावला चाँद पाशाच्या सुतारखान्यात आला. "चार पात्यांची करवत! ओंडका एकदा घातला की फळ्याच फळ्या. कापायला माणसं किती?" खड्ड्यावर आडव्या टाकलेल्या ओंडक्यावर करवतीची वरची मूठ धरून उभा चाँद पाशा म्हणाला, "मी एकटाच की! बराबर भागवून राहिलो. यंत्र काहून पाहिजे?" एजंटानं कागदावर ‘एक’ लिहिलं. खड्ड्यात त्याच करवतीची खालची मूठ धरलेल्या त्याच्या बायकोच्या, खतीजाबीच्या, तळपायाची आग मस्तकात गेली. अठरा वर्षं डोळ्यांत भुसा घेत तिनं खालून करवत ओढली होती. पाचर ठोकून काढून तिनं मूठ सोडवली, वर येऊन एजंटाच्या कागदावर आपटली नि नवऱ्याला म्हणाली, "ओढा आता एकटेच!" चाँद पाशानं करवत ओढली, पातं वर आलं, खाली जाईना. एजंट चाचरला, "बाई, यंत्र लागेल?" "यंत्राचं मागून बघू. आधी माणसं दोन लिवा."