तिरकी रेष

"आज या मशीनचं डोकं फिरलंय," ताई पुटपुटली आणि नळी ओठांत धरून तिने पुन्हा श्वास सोडला.

रोज सकाळी गिनिपिगांना मशीनवर घेण्याआधी ती स्वतःच्या श्वासावर मशीन तपासायची. सोडलेल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची रेष पडद्यावर उमटायची. सरळ वर, मग टेबलासारखी सपाट, मग खाली. श्वासनलिका आकसली की हवा अडतअडत येते आणि सपाटीच्या जागी चढण दिसते. एका औषधाने गिनिपिगांच्या रेषेत ती चढण आणायची आणि दुसऱ्याने घालवून बघायची, हेच या प्रयोगशाळेतलं काम.

आज चढण ताईच्याच रेषेत होती. तिने नळीवर खापर फोडलं. नळी बदलली, गाळणी बदलली, तरी रेष काही ऐकेना. मांडीवरचा भोपळ्या, पिंजऱ्यातला सगळ्यांत लठ्ठ गिनिपिग, निवांत तिचा एप्रन कुरतडत होता.

"सर, जरा तुम्ही फुंकून बघता?"

प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी येऊन फुंकलं. रेष टेबलासारखी सपाट.

"मशीन ठणठणीत आहे, ताई." ते तिच्याकडे बघत राहिले. "खोकला कधीपासून आहे तुम्हाला?"

"धुळीचा आहे हो."

"सुट्टीच्या दिवशी येतो?"

ताई नळी पुसायला लागली. सुट्टीच्या दिवशी तिला मोकळा श्वास घेता यायचा आणि कामावर येऊन पिंजरे झाडायला घेतले की छाती जड व्हायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. जनावरांच्या केसांनीच दमा जडलाय म्हटल्यावर हे दार कायमचं बंद होणार, आणि तिचा तर सगळा जीव याच खोलीत होता.

सरांनी आवाज खाली आणला. "औषध देण्याआधीच एखाद्याची रेष तिरकी आली, तर आपण काय करतो?"

हा नियम तिनेच घालून दिला होता. नव्या येणाऱ्या प्रत्येकाकडून तीच तो दटावून घोकून घ्यायची.

"खोलीबाहेर काढतो," ती म्हणाली. "त्याच दिवशी."

बराच वेळ ती भोपळ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिने त्याला उचललं आणि सरांच्या हातात दिलं. सरांनी त्याला कसंबसं पकडलं.

"असं नाही. खालून आधार द्या," ताई म्हणाली. "आणि कानामागे खाजवा. नाहीतर श्वास रोखून धरतो लबाड."