हाकेला ओ

पडद्यावरचा आकडा बघून साहेब खूश झाले आणि तिला शंका आली.

समुद्रापलीकडच्या सर्व्हरनं चार मिलिसेकंदांत उत्तर दिलं होतं. एकदा नव्हे, सकाळपासून दर वेळी. दोन क्लाउड कंपन्यांपैकी कुणाचं केंद्र आपल्या हाकेला लवकर ओ देतं, ते मोजून आज सांगायचं होतं. दुसऱ्या कंपनीचं त्याच किनाऱ्यावरचं केंद्र दोनशेच्या आसपास रेंगाळत होतं. साहेबांच्या लेखी निकाल लागला होता. ते वरच्या मजल्यावर सांगायलाही निघाले.

"थांबा," ती म्हणाली. "एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा तिकडे जाऊन परत येत नाही."

"मग उत्तर देतंय कोण?"

ते शोधून काढायला तिला फार वेळ लागला नाही. चूक तिचीच होती, आणि अगदी शिकाऊ माणसानं करावी तशी. ती दर वेळी तोच एक प्रश्न विचारत होती. त्या कंपनीनं याच शहरात एक मशीन बसवलेलं होतं. त्या मशीनला तो प्रश्न आणि त्याचं उत्तर, दोन्ही पाठ झाली होती. लांबच्या सर्व्हरपर्यंत तिची हाक पोचतच नव्हती. दारावरच्या गड्याशी बोलावं आणि मालक किती तत्पर म्हणून वाखाणावं, तशातली गत.

तिनं मोजणी बदलली. आता प्रत्येक हाकेबरोबर नवा प्रश्न, आधी कधीच न विचारलेला. आकडा उडी मारून दोनशेच्याही वर गेला आणि मधूनमधून तर उत्तरच येईना. साहेबांचं तोंड उतरलं. आधीचं बरं होतं, असं पुटपुटत ते जेवायला निघून गेले.

जेवणाच्या सुट्टीत ती रोज बाबांना फोन करायची, जिन्याजवळच्या खिडकीत उभी राहून. बाबांचा जन्म कारखान्यात लेथ चालवण्यात गेला. लेकीच्या नोकरीची त्यांना भारी गंमत वाटायची. यंत्रांना हाका मारायचा पगार देतात हिला, असं ते चारचौघांत सांगत. अलीकडे आपणहून फारसे बोलत नसत. पण विचारलं की उत्तर लगेच, खणखणीत. म्हणून तर मागे दादा आईबाबांकडे राहून आला आणि बाबांचं डोकं आता साथ देत नाही, डॉक्टरला दाखवायला हवं म्हणाला, तेव्हा तिनं त्याला फाडून खाल्लं होतं. माझ्याशी रोज नीट बोलतात, तुझ्याशीच बोलावंसं वाटत नसेल, इथपर्यंत तिची जीभ घसरली होती. तेव्हापासून बहीणभावांत अबोला होता.

फोन आईनं उचलला आणि नेहमीसारखा स्पीकरवर टाकून बाबांपुढे धरला.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या."

"गुडघा काय म्हणतोय?"

"आहे आपला."

शब्द खाली पडू न देता उत्तरं येत होती. आता ती ठेवते म्हणणार आणि ते जप म्हणणार, तेही ठरलेलं. ती तोंड उघडणार तेवढ्यात सकाळचीच शंका तिला पुन्हा आली. रोज हेच तीन प्रश्न. ह्याच क्रमानं. वेगळं काही आपण शेवटचं कधी विचारलं होतं, ते तिला काही केल्या आठवेना.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या खिडकीतून आत्ता काय दिसतंय?"

पलीकडे काहीच नाही. लाइन तुटली असती तर बरं, असं तिला वाटून गेलं. पण लाइन स्वच्छ होती. पंख्याची घरघर ऐकू येत होती. बाबांचा श्वास ऐकू येत होता. तिचं मोजणीचं यंत्र एवढा वेळ कधीच थांबलं नसतं. उत्तर नाही असं धरून पुढच्या हाकेकडे वळलं असतं. ती थांबून राहिली.

"घेतल्या," बाबा म्हणाले.

दादाशी आपण काय काय बोललो ते सगळं तिला एकदम आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. तिकडे काहीतरी खुडबुडलं, पंख्याचा आवाज बंद झाला. आई फोन घेऊन स्वयंपाकघरात आली असावी. तिचा आवाज अगदी हळू होता.

"अगं, भलतंच काय विचारतेस? सकाळभर समोर बसून तेवढं घोकून घेते मी ह्यांच्याकडून. तुला नीट उत्तर दिलं की दिवसभर खूश असतात. नेहमीचंच विचार ना."

खाली रस्त्यावरून माणसं डबे खाऊन आपापल्या कामावर परतत होती.

"आई," शेवटी ती म्हणाली, "दादाला मी फोन करते आज. आणि आत्ता स्पीकर लाव."

पंखा पुन्हा ऐकू येऊ लागला.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो," बाबा लगेच म्हणाले.