पंख्यातलं भस्म

धारूरच्या बाजारात परमेश्वरानं आपल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर केलं, तर पायरीवर एक म्हातारं जोडपं फडक्यात लॅपटॉप गुंडाळून बसलेलं. मफलर लपेटलेले आप्पा गप्पच. बोलल्या त्या शांतादेवी. “सुरू व्हतो, तापतो अन् बंद पडतो बाबा. पण त्यातलं काई पुसू नको. शिवकीर्तन हाय त्यात, दुसरीकडं कुठंच न्हाई.”

परमेश्वरानं मागचं झाकण खोललं अन् कपाळाला हात लावला. पंखा राखेनं गच्च भरलेला. “मावशी, हे भस्म कावून?”

“आमचा देव बोलतो त्यातनं. रोज सकाळी लावते. आजारी पडला तसं जरा जास्तच लावलं.”

“त्यानंच तर जीव घुसमटला की त्याचा!”

शांतादेवींचा चेहरा उतरला. परमेश्वरानं ब्रशनं राख झाडली, पंखा बोटानं फिरवून पाहिला, देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पडदा काळाच. मग पंखा घरघरला, पडदा उजळला. त्यानं कीर्तन लावलं, तसा भरदार आवाज दुकानात घुमला. “अहो खांबाला टेकलेले, जागे व्हा! देव दारात आलाय!”

‘जागे व्हा’ला आप्पांचा हात आपसूक वर गेला. ओठ शब्दाला शब्द हलत होते, आवाज मात्र नव्हता. मफलर सरकला, तशी परमेश्वराला गळ्यावरची ऑपरेशनची खूण दिसली.

शांतादेवींनी सवयीनं भस्माची पुडी सोडली. बोट लॅपटॉपकडं गेलं, थबकलं, अन् आप्पांच्या कपाळावर टेकलं.