आईंच्या डोळ्यांसाठी

दोन हजार सोळा साल. दुकानाच्या भिंतीवर संगणकाचे पडदे ओळीनं मांडले होते आणि प्रत्येकावर तोच धबधबा कोसळत होता. सासू आणि सून त्यांच्यापुढे उभ्या होत्या.

"धबधबा नको बाबा," सासूबाई दुकानदाराला म्हणाल्या. "आम्हाला पानं वाचायचीत. बारीक अक्षर दाखव."

सून एकेक पडदा न्याहाळत होती. या पडद्याची गरज किती आहे, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

सासूबाई मुद्रितं तपासायच्या. छापायला जाण्याआधी पुस्तकाचं पान न् पान वाचून चुका काढायच्या, हे त्यांचं काम. नवऱ्यामागे याच कामानं त्यांना उभं ठेवलं होतं. प्रकाशक त्यांना फार मानायचा. त्याला सगळे घाईसाहेब म्हणत. पण त्याचा नियम कडक होता. चूक छापून आली की त्या माणसाला पुढचं पुस्तक नाही. मग तो कितीही जुना असो.

आणि अलीकडे आईंच्या नजरेतून चुका निसटत होत्या.

पहिली चूक सुनेला योगायोगानंच दिसली. तिची कारखान्यातली नोकरी सुटली होती, नवरा बोटीवर असायचा. पानांची चळत आवरताना तिला एका ओळीत एकच शब्द दोनदा छापलेला दिसला. तिनं तो गुपचूप खोडला. सांगणार कोणत्या तोंडानं? जन्मभर दुसऱ्यांच्या चुका धरणाऱ्या बाईला तिची चूक दाखवायची म्हणजे जखमेवर बोट ठेवणंच.

"डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी येते बरोबर," ती एवढंच म्हणाली.

"कशाला? मी काय कुकुलं बाळ आहे?" सासूबाई एकट्याच जाऊन आल्या. "वयाचं आहे म्हणतात. चालायचंच."

तेव्हापासून दुपारी त्या आडव्या झाल्या की सून सगळी पानं पुन्हा वाचायची. शुद्धलेखनाशी तिचा छत्तीसचा आकडा. लग्नानंतर सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, "शिकतेस का माझं काम?" तेव्हा तिनं हात जोडले होते. "नको हो आई. कुणी शिकवायला बसलं की माझं डोकंच बंद पडतं." आता शिकवायला कुणी नव्हतं. कोश उशाशी घेऊन ती आपली आपण धडपडत होती. त्यातच घाईसाहेबांनी कागद बंद करून सगळं संगणकावर पाठवायला सुरुवात केली. जुन्या पडद्यावरची मुंग्यांसारखी अक्षरं पाहून तिचंच डोकं उठायला लागलं. म्हणून तर आईंचे डोळे पुढे करून ती त्यांना इथे घेऊन आली होती.

"हा घ्या, बत्तीस इंची!" दुकानदार म्हणाला. "अक्षर हत्तीएवढं दिसेल."

"हत्ती दिसतोय खरा, पण अंगावर काटे आलेत त्याच्या," सासूबाई लांबूनच म्हणाल्या. "कडा बघ, दातेरी. अनुस्वार फुगून वेलांटीला चिकटलाय."

"अक्षर ज्या टिंबांनी बनतं, ती त्यात कमी आहेत ना, आजी. शेजारचा सत्तावीस इंची बघा. आकार लहान, पण टिंबं दुपटीहून जास्त."

शेजारच्या पडद्यावर अक्षर कोरल्यासारखं उभं होतं. दोन पानं शेजारी शेजारी अख्खी मावत होती. काच चकाकतही नव्हती.

"तू बस गं खुर्चीत," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "उंची तुझ्या नजरेला लागते का बघ."

"अहो, वापरणार तुम्ही!"

"बस म्हटलं ना. मला उठबस करवत नाही."

दुकानदारानं पडदा वर-खाली करून तिच्या उंचीला बसवला. तोच घरी आला.

पडदा अगदी देवासारखा धावून आला. सुनेला चुका लांबून दिसू लागल्या. आधी ऱ्हस्व-दीर्घ, मग विरामचिन्हं, मग वाक्यांचे सांधे. पुढे तर एका कादंबरीत आधीच वारलेले काका नंतर चहा मागताना तिनं पकडले. आईंच्या डोळ्यांमागोमाग आता स्मरणही चाललं, म्हणून त्या दिवशी ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

पाठवण्याआधी सासूबाई शेवटच्या पानापासून पहिल्यापर्यंत सगळं उलटं चाळायच्या. "सवय आहे," म्हणायच्या. म्हाताऱ्या माणसाचा नेम, म्हणून सून बाजूला बसून राहायची. त्यांच्या एकाही पुस्तकात चूक छापली गेली नाही. घाईसाहेब कौतुक करायचे आणि सासूबाई म्हणायच्या, "सगळी या पडद्याची कृपा." सून रोज मऊ फडक्यानं तो पुसायची आणि मनातल्या मनात त्याचे आभार मानायची.

आता त्या दुकानात औषधं मिळतात. घाईसाहेबांनी कारभार लेकीकडे दिला. ती घाईत बापाच्या चार पावलं पुढे आहे. नवरा बोट सोडून घरी आला आणि पडद्यावर क्रिकेट बघू द्या म्हणून रोज बोलणी खातो. सासूबाईंनी एक दिवस काम थांबवलं आणि "पुढचं पुस्तक माझ्या सुनेला द्या" एवढंच घाईसाहेबांना सांगितलं. आज पुस्तकांच्या पहिल्या पानांवर तिचं नाव असतं. दुपारच्या वाचनाबद्दल ती घरात कधीच बोलली नाही.

गेल्या वर्षी मात्र सासूबाईंना खरंच धूसर दिसू लागलं. या वेळी हट्टानं सून डॉक्टरांकडे बरोबर गेली.

"मोतीबिंदू आत्ता कुठे डोकावतोय," डॉक्टर म्हणाले. "इतकी वर्षं यांचे डोळे मीच तपासत आलोय. कधी तक्रार नाही. या वयात अशी नजर आणि अशी स्मरणशक्ती मी दुसरी पाहिली नाही."

सून सासूबाईंकडे वळली. "आई... मग त्या चुका?"

सासूबाईंनी उठायला तिचा हात धरला.

"चूक धरणं सोपं असतं गं. तुझ्यासाठी एकेक मागे ठेवताना मात्र जीव जायचा माझा."